गाडीची हॉर्सपॉवर आणि पिकअप घरच्या सर्किटवर मोजताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

जाताना ८२ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर), येताना ६८. तीच गाडी, तोच चालक, मध्ये जेमतेम दहा मिनिटं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मला मिळालेले हे आकडे. सर्किट चोख होतं, कोडमध्येही चूक नव्हती. चूक रस्त्याची होती. डोळ्याला सपाट वाटणारा तो पट्टा एका बाजूला पावणेदोन टक्के उतरत होता, आणि जाताना वाराही पाठीवर होता.

या प्रयोगात बहुतेकांचं गणित असंच फसतं. सोल्डरिंगला दोन संध्याकाळी देतात आणि वजन, उतार, हवेचा दाब यांना दोन मिनिटंही देत नाहीत. म्हणून खाली इलेक्ट्रॉनिक्स थोडक्यात आहे, बाकीचं सविस्तर. उदाहरणाला एक नेहमीची हॅचबॅक घेतली आहे: १.२ लिटर पेट्रोल, टर्बो नाही, मॅन्युअल गिअर, कागदावर ९० पीएस.

## आधी हे पक्कं करा

पिकअप म्हणजे किती सेकंदांत किती वेग. पॉवर म्हणजे चाकांवर लागणारं एकूण बल गुणिले वेग. ते एकूण बल तीन ठिकाणी खर्ची पडतं: गाडीला वेग देण्यात, हवा कापण्यात आणि टायरच्या विरोधात. रस्ता चढाचा असेल तर चौथा खर्च चढाचा.

एककांचाही घोळ आधीच मिटवा. १ पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, १ बीएचपी म्हणजे ७४५.७ वॅट. जाहिरातीत एक आणि तुमच्या कोडमध्ये दुसरं असेल तर सव्वा-दीड टक्का तिथेच गेला.

## १. सामान

- ईएसपी३२ बोर्ड (सगळे सेन्सर वाचणारा छोटा मायक्रोकंट्रोलर)
- यूब्लॉक्स निओ-एम८एन जीपीएस मॉड्यूल, शक्यतो वेगळ्या वायरवरच्या अँटेनासह
- एमपीयू-६०५० (अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो एकत्र)
- बीएमपी२८०, हवेचा दाब मोजायला
- पॉवर बँक, छोटा प्लास्टिकचा डबा, पातळ दुहेरी टेप

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं. निओ-६एम स्वस्त पडतं म्हणून तेच उचलू नका. ते सेकंदाला जास्तीत जास्त ५ नोंदी देतं. एम८एन फक्त जीपीएसवर ठेवलं (बाकीच्या उपग्रह-यंत्रणा बंद करून) तर १० देतं. बाजारात नकली एम८एन भरपूर आहेत, ते ओळखायची खूण तिसऱ्या टप्प्यात आहे.

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा ईएलएम३२७ अडॅप्टर घरात असेल तर असू द्या, पण पॉवर त्यावरून काढू नका. गाडी तिथे वेग पूर्ण किलोमीटरमध्येच सांगते. ६३ नंतर थेट ६४, मधलं काही नाही. शिवाय स्वस्त अडॅप्टरवर उत्तर यायला वेळ लागतो आणि तो प्रत्येक वेळी सारखा नसतो. इंजिनचं तापमान बघायला मात्र तो कामाचा आहे.

## २. जोडणी

एमपीयू आणि बीएमपी दोन्ही एकाच आयटूसी जोडीवर (डेटा आणि क्लॉक अशा दोन वायरींवर) बसतात: डेटा २१ नंबरच्या पिनला, क्लॉक २२ ला. जीपीएस १६ आणि १७ वर. जीपीएसची पाठवायची वायर ईएसपीच्या घ्यायच्या पिनला जाते. पहिल्या दिवशी निम्मे लोक इथेच उलटं करतात.

एमपीयू चालू झाल्यावर झोपलेलाच असतो. त्याचं ६बी (हेक्स) नंबरचं रजिस्टर, म्हणजे सेटिंगचा कप्पा, शून्य केल्याशिवाय तो नुसती शून्यं देत राहतो आणि लोक सेन्सर मेला म्हणून बदलून आणतात. रेंज २ जी ठेवा (१ जी म्हणजे गुरुत्वाचं त्वरण, ९.८१ मीटर/सेकंद²). म्हणजे एक जीला १६,३८४ आकडे मिळतात. गाडीला याहून मोठी रेंज लागत नाही. आतला फिल्टर २० हर्ट्झच्या आसपास लावा, नाहीतर इंजिनची थरथरच जास्त नोंदली जाईल.

वीज पॉवर बँकेचीच घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधली १२ ते १४ व्होल्टची वीज गोंगाटाची असते. मात्र काही पॉवर बँका कमी करंट बघून आपोआप बंद पडतात. तुमची पडते का, हे घरी टेबलावर अर्धा तास चालवून बघा.

सावध: नोंदी मेमरी कार्डवर धाव चालू असताना लिहू नका. कार्ड मध्येच शंभर-दोनशे मिलिसेकंद अडून बसतं आणि नेमक्या त्या वेळच्या नोंदी गळतात. वीस सेकंदांच्या धावेची माहिती ईएसपी३२ च्या रॅममध्ये आरामात मावते. गाडी थांबली की मग लिहा.

## ३. जीपीएस नीट बसवणं

मॉड्यूल खोक्यातून येतं तेव्हा सेकंदाला एक नोंद आणि ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट) यावर असतं. ते १० नोंदींवर नेताना लोक बॉड बदलायला विसरतात. हिशोब सरळ आहे. आपल्याला लागणारा नॅव्ह-पीव्हीटी हा संदेश १०० बाइटचा आहे, दहा संदेशांचे १००० बाइट. एका बाइटला १० बिट लागतात, म्हणून ९६०० बॉडच्या नळीतून सेकंदाला ९६० बाइटच जातात. म्हणजे नळी कायम तुंबलेली, वेग उशिरा येणार, अधूनमधून तुटणार. १,१५,२०० वर जा आणि बाकीचे सगळे संदेश बंद करा.

नॅव्ह-पीव्हीटीमध्ये जमिनीवरचा वेग मिलिमीटर प्रतिसेकंदात मिळतो. तोच घ्या. दोन जागांमधलं अंतर भागिले वेळ असला उद्योग करू नका. जागेचा अंदाज मीटर-दोन मीटरने हलतो, वेग मात्र उपग्रहाच्या सिग्नलमधल्या डॉप्लर फरकावरून (हालचालीमुळे बदलणाऱ्या वारंवारतेवरून) येतो आणि तो कितीतरी स्थिर असतो. वेळही त्याच संदेशातली घ्या. ईएसपीला संदेश कधी पोचला ती वेळ धरली तर प्रत्येक नोंदीत थोडाथोडा लंगडेपणा येतो.

साधे एनएमईए संदेशच (जीपीएसचे नेहमीचे मजकुरी संदेश) वापरायचे असतील तर लक्षात ठेवा, त्यातला वेग नॉटमध्ये असतो. १ नॉट म्हणजे १.८५२ किमी/तास. शेवटी मॉड्यूलचं डायनॅमिक मॉडेल 'ऑटोमोटिव्ह' करा.

तपासणी: मोकळ्या आकाशाखाली गाडी पाच मिनिटं उभी ठेवून नोंदी घ्या. लागोपाठच्या वेळांत बरोबर १०० मिलिसेकंदांचं अंतर हवं. २०० किंवा १००० दिसत असेल तर एकतर सेटिंग बसली नाही किंवा मॉड्यूल नकली आहे. उभ्या गाडीचा वेग ०.३ किमी/तासाच्या आत खेळला पाहिजे.

अँटेना छतावर सर्वात उत्तम, डॅशबोर्डवर पुढच्या काचेखाली चालेल. ईएसपी३२ पासून वीतभर तरी लांब ठेवा.

## ४. अ‍ॅक्सेलरोमीटर: कुठे बसवायचा आणि त्याच्यावर किती विसंबायचं

दोन सीटांमधल्या बोगद्यावर किंवा सीटच्या लोखंडी पट्टीवर बसवा. डॅशबोर्ड मऊ असतो, मोबाइल होल्डर तर झुलतोच. फोमचा टेप नको. एअरबॅग उघडतात त्या वाटेत काहीही ठेवू नका.

घरी टेबलावर सहाही बाजूंनी एकेकदा ठेवून प्रत्येक अक्षाचे वरचे-खालचे आकडे लिहून घ्या, त्यावरून शून्य आणि माप दुरुस्त होतं. गाडीत दहा मिनिटं गरम होऊ द्या आणि प्रत्येक धावेआधी दहा सेकंद उभ्या गाडीत शून्य घ्या.

एवढं केलं तरी पॉवर या सेन्सरवरून काढू नका. कारण असं की गाडी जोर घेते तेव्हा नाक वर उचलतं. फक्त १ अंश उचललं तरी गुरुत्वाचा ०.१७ मीटर/सेकंद² एवढा तुकडा पुढच्या अक्षात मिसळतो. आपल्या उदाहरणात ८० च्या वेगाला खरं त्वरण १.८५ आहे. म्हणजे नऊ टक्के फुकटचे, सुमारे ६ पीएस. फोनवरची अ‍ॅप एवढे दिलदार आकडे का दाखवतात, त्याचं एक कारण हे.

मग सेन्सर कशाला? गाडी नेमकी कोणत्या क्षणी सुटली, गिअर कधी बदलला, चाक कधी घसरलं, हे तो जीपीएसपेक्षा कितीतरी आधी आणि स्पष्ट सांगतो. त्याला त्याच कामावर ठेवा.

एक बारीक गोष्ट. चढावर सेन्सर गुरुत्वाचा भाग आपोआप मोजतोच. काही जण त्याच्या आकड्यात चढाचं बल पुन्हा वेगळं मिळवतात. तो दुहेरी हिशोब झाला.

## ५. वजन

कागदावरचं वजन रिकाम्या गाडीचं असतं. चालक आणि शेजारी मिळून १३५ किलो धरायचे राहिले तर आपल्या गाडीत साडेआठ पीएस हरवतात. उपाय सोपा आहे. जवळच्या वजनकाट्यावर जा. धावेला जे जे गाडीत असेल ते सगळं, माणसांसकट, घेऊन काट्यावर चढा. काटा ५ किंवा १० किलोच्या पटीत दाखवतो, तेवढं चालतं. उदाहरणातल्या गाडीचं वजन असं आलं: १०४० किलो.

यावर चाकं, फ्लायव्हील, गिअर फिरवायलाही बल लागतं. ते वजनाला गुणांक लावून धरतात. गिअर जितका खालचा तितका गुणांक मोठा. लहान पेट्रोल गाडीला न्यूट्रलमध्ये १.०४, तिसऱ्या गिअरला १.०७ ते १.०८, दुसऱ्याला १.१२ इथून सुरुवात करा. हा अंदाजच आहे, तो तपासायची युक्ती शेवटच्या टप्प्यात.

## ६. रस्ता आणि हवा

१ टक्का उतार म्हणजे १०० मीटरला १ मीटर. डोळ्याला तो दिसतच नाही. पण १०४० किलोच्या गाडीला तो १०२ न्यूटन ढकलतो, आणि ८० च्या वेगाला ३ पीएसचा फरक पाडतो. म्हणून प्रत्येक धाव दोन्ही दिशांनी, त्याच तुकड्यावर. सरासरीत उतार कटतो आणि वाऱ्याचाही बराच भाग निघून जातो.

सावध: ० ते १०० ची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक ड्रायव्हिंगसाठी आहे, आणि सार्वजनिक जागी परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर कलम १८९. पॉवर मोजायला तेवढ्या वेगाची गरजही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ३० ते ८० एवढी एक धाव पुरते. तीही वेगमर्यादा ९० किंवा जास्त असलेल्या, मोकळ्या, दुभाजकाच्या रस्त्यावर, उजाडल्यावर. चालकाने फक्त गाडी चालवायची. बटणं आणि पडदा शेजाऱ्याकडे.

हवेचा दाब बीएमपी२८० वरून घ्या, हवामानाच्या अ‍ॅपवरून नाही. अ‍ॅप समुद्रसपाटीला आणलेला दाब सांगतं. पुण्यात ते १०१२ हेक्टोपास्कल म्हणेल आणि तुमच्या इंजिनाला प्रत्यक्षात मिळत असतील ९४७. या एका चुकीत सात-आठ टक्के जातात.

## ७. आधी गाडी सोडून द्या

हवेचा आणि टायरचा विरोध इंटरनेटवरून उचलू नका, स्वतःच्या गाडीचा मोजा. टायरची हवा कंपनीच्या आकड्यावर, काचा बंद, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम झालेली. मागे कोणी नाही हे बघून ९० च्या आसपास न्यूट्रल करा आणि गाडीला आपोआप मंदावू द्या. एवढा लांब रस्ता एका दमात मिळत नसेल तर वरचा आणि खालचा वेग वेगवेगळ्या फेरीत मोजा.

सावध: इंजिन बंद करायचं नाही. ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग जड होतं. किल्ली काढली तर ते लॉकही होतं.

दोन वेळा हव्यात, दोन्ही दिशांची सरासरी: ८५ वरून ७५ ला यायला किती सेकंद, आणि ३५ वरून २५ ला यायला किती. आपल्या गाडीला ९.४ आणि १८.९ सेकंद लागले.

दोन्ही वेळी वेग १० किमी/तास, म्हणजे २.७८ मीटर/सेकंद उतरला. २.७८ भागिले ९.४ म्हणजे ०.२९६. गुणिले १०८२ (१०४० × १.०४) म्हणजे ३२० न्यूटन. तसंच खालच्या वेगाला १५९ न्यूटन. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि टायरचा जवळजवळ स्थिर राहतो, म्हणून या दोन आकड्यांतून दोन्ही वेगळे होतात. १६१ न्यूटनांचा फरक भागिले ८० आणि ३० या मधल्या वेगांच्या (२२.२२ आणि ८.३३ मीटर/सेकंद) वर्गांतला फरक (४९४ − ६९ = ४२५) म्हणजे ०.३७९. हा हवेचा गुणांक. टायरचे उरले १३३ न्यूटन.

तपासणी: टायरचा विरोध भागिले गाडीचं वजन न्यूटनमध्ये (१०४० × ९.८१) ०.०१० ते ०.०१५ च्या दरम्यान यावा. आपला ०.०१३ आहे. ०.०२ च्या वर आला तर टायरची हवा बघा, नाहीतर कुठलातरी ब्रेक चिकटत असेल.

## ८. खरी धाव

एसी बंद. ट्रॅक्शन कंट्रोल चालूच राहू द्या. दुसऱ्या गिअरमध्ये २५ ला स्थिर चाला, शेजारी 'नोंद सुरू' म्हणाला की अ‍ॅक्सेलरेटर एका दमात पूर्ण दाबा आणि ८२ पर्यंत सोडू नका. अर्धवट दाबून मग पूर्ण दाबलं तर ती धाव बाद. दोन्ही दिशांना तीन-तीन. दोन धावांमध्ये दोन मिनिटं सावकाश चालवा म्हणजे इंजिनखालची गरम हवा निघून जाईल.

एएमटी (क्लच नसलेला, आपोआप बदलणारा मॅन्युअल गिअर) असेल तर मॅन्युअल मोडमध्ये दुसरा धरा. सीव्हीटीमध्ये (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये) इंजिनचे फेरे (आरपीएम) आणि वेग यांचं नातं पक्कं नसतं. तिथे सर्वात जास्त पॉवर कळेल, फेऱ्यांनुसार आलेख मिळणार नाही.

फेऱ्यांसाठी वेगळी वायर नको. दुसऱ्या गिअरमध्ये ३००० फेऱ्यांवर गाडी स्थिर ठेवून जीपीएसचा वेग बघा. ४० आला तर ८० ला ६००० फेरे, बस.

खाजगी पट्टा मिळाला आणि ० ते १०० करायचंच असेल तर सुटण्याचा क्षण अ‍ॅक्सेलरोमीटरवरून धरा, कारण पहिल्या एक-दोन किलोमीटरच्या वेगात जीपीएस डगमगतो. शेवट मधला काढा: ९.८ सेकंदाला ९९.६ आणि ९.९ ला १००.१ असेल तर १०० आले ९.८८ ला. परदेशी मासिकांच्या आकड्यांशी तुलना करताना जपून. अमेरिकी पद्धतीत पहिला एक फूट मोजतच नाहीत आणि तिथेच दोन-तीन दशांश सेकंद वाचतात.

## ९. हिशोब

लागोपाठच्या दोन नोंदींची वजाबाकी करून त्वरण काढू नका. वेगात सेकंदाला ५ सेंटिमीटरची चूक असली तरी ०.१ सेकंदाने भागल्यावर त्वरणात अर्ध्या मीटर/सेकंद² हून मोठा काटा उठतो. सात-आठ नोंदींतून सरळ रेषा बसवा आणि तिचा चढ घ्या. फार लांबची खिडकी घेतली तर आलेखाचं टोक बोथट होतं, हेही ध्यानात ठेवा.

८० च्या वेगाला त्वरणाची दोन्ही दिशांची सरासरी १.८५ मीटर/सेकंद² आली. मग:

- वेग देण्याचं बल: १०४० × १.१२ × १.८५ = २१५५ न्यूटन
- हवा आणि टायर: १८७ + १३३ = ३२० न्यूटन
- एकूण २४७५ × २२.२२ मीटर/सेकंद = ५५,००० वॅट, म्हणजे ७४.८ पीएस

हे चाकांवरचे. आता हवेची दुरुस्ती. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला आयएसओ १५८५ (इंजिनची पॉवर मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक) चं सूत्र: (९९० ÷ कोरडा दाब) चा १.२ घात गुणिले (केल्विनमधलं तापमान ÷ २९८) चा ०.६ घात. ९४७ मधून बाष्पाचे १७ वजा करून ९३०, तापमान २४ अंश. गुणांक १.०७६, पॉवर ८०.५ पीएस. हे सूत्र १.०७ पर्यंतच ग्राह्य धरतात. पुण्याची उंचीच आपल्याला त्या कुंपणाच्या जरा पलीकडे नेऊन बसवते. महाबळेश्वरला मोजून दुरुस्ती लावण्याच्या फंदात पडू नका. टर्बो गाडीला हे सूत्र लावू नका, आकडा फुगतो.

चाकापासून इंजिनपर्यंतचं नुकसान पुढच्या चाकांच्या मॅन्युअल गाडीत साधारण १० ते १२ टक्के धरतात. ११ धरले तर ९० पीएस येतात. पण मला ९० च यावेत म्हणून मी ११ निवडले असा आरोप तुम्ही केलात तर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी चाकांवरचाच आकडा लिहितो.

## १०. आकडा खरा आहे का

पहिली परीक्षा वजनाची. डिकीत सिमेंटच्या दोन गोण्या टाका, १०० किलो. पिकअप पडेल, पण हिशोबात नवं वजन घातल्यावर पॉवर तीच आली पाहिजे. दोन पीएसपेक्षा जास्त हलली तर त्वरण किंवा मूळ वजन चुकतंय.

दुसरी गिअरची. ४००० फेऱ्यांवर दुसऱ्या गिअरमध्ये वेग ५३, तिसऱ्यात सुमारे ८०. इंजिन तेच, फेरे तेच, म्हणून पॉवरही तीच हवी. दुसऱ्यात कमी दिसत असेल तर १.१२ चा गुणांक थोडा वाढवा, जास्त दिसत असेल तर घटवा, दोन्ही जुळेपर्यंत.

सहा धावांमधला फरक दिशावार ३ टक्क्यांच्या आत असेल तर सरासरी घ्या. त्याहून जास्त असेल तर सरासरीने झाकू नका. आधी वारा, मग टायरची हवा, मग टेप सुटलेला डबा, या क्रमाने बघा. माझ्या बाबतीत तिसऱ्यांदा तो डबाच निघाला होता.